डाव्या पायाची साक्ष

ज्या माणसाला अख्खं गाव मास्तर म्हणायचं त्याला स्वतःची सही करता येत नव्हती. कचेरीच्या कागदावर तो अंगठा उठवायचा, आणि तोही इतका जोर लावून की खालच्या तीन कागदांवर उमटावा. पण वाळूतलं पाऊल मात्र मास्तर असं वाचायचे की शिकलेल्यांनी तोंडात बोट घालावं. पोलीस चौकीत ते माग काढायच्या कामावर होते. उंट चोरीला गेला, दुकान फुटलं, कुणाचा मुलगा घर सोडून पळाला, की हवालदार आधी मास्तरांकडे माणूस धाडायचा आणि मग स्वतःची टोपी शोधायचा. वाळवंटाच्या कडेचं गाव ते. रस्ते वाळूचे, अंगणं वाळूची, आणि माणसांना पाय असणारच. त्यामुळे पाऊलमास्तरांपासून गावात फारसं काही लपत नसे. पुढे पुढे नावातलं पाऊल गळालं आणि नुसते मास्तर उरले.

कसब खरं होतं, कुणी उगाच चढवून ठेवलेलं नव्हतं. चाललेल्या माणसाच्या कुठल्या खांद्यावर ओझं होतं आणि वाटेत त्याने खांदा कुठे बदलला, हे ते सांगायचे. संशयितांना ओळीने वाळूवरून चालायला लावायचे, स्वतः गुडघे टेकून बसायचे आणि एका पावलाच्या कडेला बोट ठेवून म्हणायचे, "हा." कोर्टात साहेबांनी विचारलं, "खात्री आहे?" तर म्हणायचे, "माणूस शंभर गोष्टी सांगेल साहेब. पाय एकच सांगतो." बावीस वर्षांत त्यांचा 'हा' एकदाही चुकला नव्हता. निदान सगळे तसं धरून चालले होते. जे तुरुंगात गेले त्यांचं मत कुणी घेतलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात नांदणं म्हणजे परीक्षाच. बायको विहिरीवरून उशिरा आली तर मास्तर चकार शब्द काढत नसत. तिच्या पावलांच्या कडेने विहिरीकडे थोडं चालून यायचे आणि जेवताना म्हणायचे, "लोहाराच्या बायकोशी बराच वेळ उभी होतीस." रागाने नाही हं. कौतुकाने म्हणायचे, आणि कौतुक स्वतःचंच. बायको मान खाली घालून वाढत राहायची. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला एकही लहानसहान गोष्ट नवऱ्याला आपणहून सांगायला मिळाली नव्हती.

घरात तिसरा माणूस म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मास्तरांनी त्याला खांद्यावर वागवून मोठं केलं. सातव्या वर्षी गाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं आणि चालताना बोटं वाळूत ओढली जाऊन रेघ उमटायची. मास्तर थट्टेने म्हणायचे, "हा जिथे जातो तिथे सही करून येतो." धाकटा ओसरीवर बसून पखाली शिवायचा. कातड्याला टाका असा घालायचा की पाण्याचा थेंब बाहेर यायचा नाही. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचा, "वहिनीच्या हातचं खाऊन वजन वाढलंय, आता कोण पसंत करणार?"

मागच्या थंडीत एक सिनेमा कंपनी गावाबाहेर तंबू ठोकून महिनाभर राहिली होती. सिनेमे तेव्हा मुके असायचे. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची आणि काय बोलली ते मागाहून अक्षरांच्या पाटीवर यायचं. कंपनीला वाळवंट हवं होतं, कारण गोष्ट वाळवंटातली होती. ओसाड ठाण्यावरचा एक चौकीदार, त्याची बायको, आणि त्याच्याकडे पाहुणा आलेला मित्र. पुढे काय होणार ते अर्ध्या गावाने तिथेच ओळखलं. मास्तरांनी चौकीसमोर चार लोकांत जाहीर केलं, "घरंदाज बाईने त्या तंबूंकडे फिरकू नये." आणि दुसऱ्याच दिवशी सहा उंटांची चोरी झाली म्हणून ते नऊ दिवस वाळवंटात गेले.

वर्षभराने तोच सिनेमा गावात दाखवायला आला. मिठाच्या रिकाम्या गोदामाच्या खिडक्यांवर पोती ठोकली, समोर पांढरं कापड ताणलं आणि भर दुपारी खेळ लावला. आत अंधार, वर तापलेला पत्रा आणि जमिनीवर तीनशे माणसं. बायको म्हणाली, डोकं दुखतंय, मी नाही येत. धाकट्याला पखाली द्यायच्या होत्या. मास्तर एकटेच गेले आणि मान मिळाला म्हणून पहिल्या रांगेत बसले.

सुरुवातीला त्यांची करमणूक झाली. पडद्यावरचा चौकीदार ऐन माध्यान्हीला, छातीवर हात ठेवून, उभ्या उभ्या पावलं बघत होता. "अरे वाक की गाढवा," मास्तर मोठ्याने म्हणाले. "आणि ऊन कलून पावलात सावली पडू दे जरा." आजूबाजूचे हसले. मग मध्येच फीत तुटली. यंत्रवाल्याने घाम पुसत ती जोडली आणि खेळ पुढे सुरू झाला. पडद्यावर आता माणूस नव्हतं. नुसती वाळू होती. ऊन कलतं, अगदी मास्तरांनी निवडलं असतं तसं. आणि टेकाडावर चढत गेलेल्या पावलांच्या दोन ओळी.

एक ओळ बाईची. पावलं आखूड, दोन्ही अंगठे आत वळलेले, भार पुढच्या पंजावर. हे चालणं मास्तर एकोणीस वर्षं रोज आपल्या अंगणात बघत होते. पडद्यावरची बाई कुणीही असो, ही पावलं त्यांच्या बायकोची होती.

दुसरी ओळ पुरुषाची. एक पाऊल सरळ. दुसरं बाहेर वळलेलं आणि त्याच्यामागे ओढल्याची रेघ. डावं.

टेकाडाच्या माथ्यावर दोन्ही ओळी थांबल्या होत्या. चार पावलं समोरासमोर, अंगठ्याला अंगठा भिडेल इतकी जवळ. लोक म्हणतात पायाखालची वाळू सरकली. मास्तरांच्या पायाखालची तर रोजच सरकायची, त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्या दिवशी ते बसल्या जागी दगड झाले. तेवढ्यात पडद्यावर अक्षरांची पाटी आली आणि मागून हशा उसळला. शाळेचे गुरुजी हसले, स्टेशनवरचे बाबू हसले, मालधक्क्याचा कारकून मांडीवर थाप मारून हसला. अशा गंभीर जागी हसायचं काय होतं? मास्तरांना वाटलं, एकच कारण असू शकतं. ह्या सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर ठाऊक होतं आणि आपण तेवढे पहिल्या रांगेत येऊन बसलो. पडद्यावर चौकीदाराचं मूल तहानेने मरत होतं आणि सगळं गोदाम मुसमुसत होतं, तेव्हा मास्तर लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडले.

घरी आले तेव्हा धाकटा ओसरीवर दोऱ्याला मेण लावत होता. बायको धान्य निवडत होती.

"ऊठ," मास्तर त्याला म्हणाले. "अंगणातून चाल."

"काय झालं दादा? आज माझ्यावर आळ आलाय की काय?" धाकटा हसत उठला. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालला आणि वळून त्याने संशयितासारखे हात जोडले. मास्तर गुडघ्यावर बसले. एका पावलाच्या कडेला बोट ठेवलं.

"हा," ते म्हणाले.

बायकोच्या हातातलं सूप थांबलं. तो सूर तिला माहीत होता.

"कंपनीच्या माणसांत गेली होतीस?" मास्तरांनी पावलावरची नजर न काढता विचारलं.

तिने काहीच लपवलं नाही. "गेले होते. त्यांच्या नटीला वाळूत चालवेना. म्हणाले, पावलं तेवढी उमटवून द्या. एक सकाळ चालले. साबणाच्या दोन वड्या दिल्या. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

"बरोबर कोण होतं?"

"त्यांचाच माणूस. चित्रं घ्यायच्या यंत्राची तिपाई उचलणारा. त्याच्या पायावर पेटी पडली होती, लंगडत होता बिचारा. तीस माणसं बघत उभी होती."

"कुठला पाय?"

"उजवा."

"उजवा!" मास्तर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "मी ह्या डोळ्यांनी डावा बघून आलोय."

"दादा," धाकटा म्हणाला, "मी तिकडे गेलोच नाही. वहिनी गेली होती एवढं मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं?"

"ती म्हणाली सांगू नको, म्हणून..."

ह्या एका वाक्याने त्याने स्वतःचा घात करून घेतला. खरं बोलणाऱ्यांना कुठे थांबावं ते कळत नाही. मास्तरांच्या मनात जे काही थोडं डळमळत होतं ते तिथे घट्ट बसलं. दोघांचं गुपित होतं, घरात होतं, आपल्या पाठीमागे होतं.

"एका चित्रावर विश्वास ठेवता आणि माझ्यावर नाही?" बायकोने विचारलं.

"चित्रावर नाही. पावलावर."

धाकट्याने खूप वेळ भावाकडे पाहिलं. शपथ घेतली नाही, गयावया केली नाही. ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर घेऊन वाढवलं तो आपल्या पायाकडे बघतोय आणि तोंडाकडे बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "ऊन उतरायच्या आत निघ," मास्तर म्हणाले. त्याने आरी, दोरा, मेणाचा गोळा आणि कातड्याचे चार तुकडे फडक्यात बांधले. वहिनीने भाकरी पुढे केली ती घेतली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाय घासत गेल्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

पुढचे चार दिवस मास्तर चौकीत बसायचे आणि कुणी हसलं की त्यांना वाटायचं, आपल्यालाच.

पाचव्या दिवशी यंत्रवाला चौकीत आला. त्याला आणखी आठ दिवस खेळ करायची परवानगी हवी होती. अर्ज वाचता वाचता हवालदार म्हणाला, "परवानगी देतो, पण तिसऱ्या फितीसारखा घोळ नको."

यंत्रवाला ओशाळला. "घाईत जोडताना उलट बाजूने बसली हो. गुरुजी काय हसले! सगळी अक्षरं उलटी. आरशात दिसावीत तशी."

मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर होते. उलटी अक्षरं काय आणि सुलटी काय, त्यांना सारखीच. पण हसण्याचं कारण कानावर पडलं तशी त्यांची मान वर झाली. "म्हणजे लोक अक्षरांना हसले?"

"मग कशाला हसणार? मूल मरायला टेकलंय, तिथे हसण्यासारखं दुसरं काय होतं?"

"नुसती अक्षरंच उलटी झाली?"

"छे हो, सगळंच. डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. अक्षरं सोडली तर कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच."

मास्तर उठले. त्यांनी यंत्रवाल्याला जवळजवळ दंडाला धरून गोदामात नेलं. यंत्रवाल्याने डब्यातून फीत काढली, दाराच्या उजेडात धरली आणि हातात भिंग दिलं. नखाएवढ्या चौकटीत ते टेकाड होतं, त्या दोन ओळी होत्या. "हे असं दिसायला हवं होतं," तो म्हणाला, "आणि त्या दिवशी असं दिसलं." त्याने फीत बोटांत पालथी केली. रेघ एका पायाची दुसऱ्या पायाला गेली. पुन्हा सुलटी केली. परत आली. बायकोची पावलं मात्र जशीच्या तशीच दिसत राहिली, दोन्ही अंगठे आत असलेली.

"हा लंगडा कोण?"

"आमचा तिपाईवाला. पेटी पडली ना उजव्या पायावर, ह्याच गावात. महिनाभर शिव्या घालत होता."

मास्तरांनी भिंग जरा वर सरकवलं. ते टेकाड चौकीच्या मागचं होतं. वारा कायम एका बाजूने येतो, म्हणून त्याचा एक उतार लांब आणि एक तुटका. बावीस वर्षं चौकीच्या दारातून ते तोच उतार बघत आले होते. गोदामात तो त्यांच्यासमोर पालथा उभा होता, केवढा मोठा, आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. पाऊल दिसलं की बाकीचं जग त्यांना दिसेनासं व्हायचं. गुरुजींनी अक्षरं वाचून जे ओळखलं ते मास्तरांनी जमीन वाचून ओळखायला हवं होतं. तेवढं एकच वाचन तर त्यांना येत होतं.

त्याच घटकेला पखाल खांद्यावर टाकून ते निघाले. पाच दिवसांचा माग म्हणजे त्यांना कठीण नव्हता, आणि हा तर रेघ ओढत जाणारा. गावाबाहेर रेघ स्पष्ट सापडली. दुपारपर्यंत मास्तर जवळजवळ पळत होते. पायाशी पडायचं, पाय धरायचे, तोच पाय धरायचा, आणि घरी आणायचं, एवढंच मनात होतं.

संध्याकाळच्या सुमारास माग दगडी पट्ट्यावर चढला आणि नाहीसा झाला. मास्तरांनी पट्ट्याला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला शोधला. तिथून तो शेळ्यांच्या कळपात शिरला होता, कळपाच्या मधोमध, म्हणजे खुरांनी पाऊल पुसावं. दुसऱ्या दिवशी कळप गाठला. धनगराने हात वर केले. कोसभर पुढे मास्तरांना एका झुडपाखाली कातड्याच्या कापलेल्या कडा आणि मेणाचा कण सापडला. तिथे बसून धाकट्याने डाव्या पायासाठी काहीतरी शिवलं होतं, पाऊल सरळ पडावं, रेघ उठू नये असं. तिथून पुढे व्यापारी वाट लागत होती आणि त्या वाटेवर शेकडो सरळ पावलं होती.

दगडावरून जावं, कळपात शिरावं, पायाचा आकार बदलावा. चोर काय काय करतात ते धाकट्याला लहानपणी खेळता खेळता त्यांनीच शिकवलं होतं. मास्तर त्या झुडपाखाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. वाऱ्याने माग पुसला असता तर त्यांनी वाऱ्याला शिव्या दिल्या असत्या. पण हा विचार करून, टाका टाका घालून लपवलेला होता, आणि अख्ख्या वाळवंटात ज्याच्यापासून लपवायचा असा माणूस एकच होता.

चौथ्या दिवशी ते घरी आले. बायको ओसरीवर होती. मास्तर उभ्यानेच म्हणाले, "उजवाच होता."

"हो," ती म्हणाली.

"माझं चुकलं."

"भावजी कुठे आहेत?"

"सापडला नाही."

तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. ती रडली नाही की भांडली नाही. भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. रात्री त्यांनी पुन्हा एकदा माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "झोपा आता."

त्यानंतर महिनाभराने दुकानफोडीच्या खटल्यात साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "खात्री आहे?" मास्तर पिंजऱ्यातल्या पोरसवद्या आरोपीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाही साहेब." आरोपी सुटला. हवालदार सगळ्यांसमोर म्हणाला, म्हाताऱ्याचे डोळे गेले. बावीस वर्षांतले किती 'हा' मास्तरांनी आधी भोवतालची जमीन पाहून म्हटले होते, ते मोजायचा प्रयत्न ते करत होते आणि काही केल्या बेरीज लागत नव्हती. त्यांनी काम सोडलं. नंतरची वर्षं मिठाच्या त्याच गोदामावर राखण केली. धाकट्याची बातमी कधी आली नाही. कुणी म्हणायचं बंदरावर पखालीचं दुकान आहे, कुणी म्हणायचं वाटेत तहानेने गेला. सिनेमातल्या मुलासारखा, असं म्हणताना लोक जीभ चावायचे.

घरात एक बदल मात्र मास्तर माग सोडून परत आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी झाला होता. बायको विहिरीवरून पाणी घेऊन आली, घडा आत ठेवला, लांब दांड्याचा झाडू घेतला आणि फाटकापासून दारापर्यंतची आपली पावलं झाडून टाकली. संध्याकाळी बाहेर जाऊन आली, पुन्हा झाडली. उलट चालत यायची, आपल्यामागे एक खूण न ठेवता. उन्हातही झाडायची, पाठ दुखत असली तरी झाडायची. मास्तरांची पावलं तेवढी ती तशीच ठेवायची. त्यामुळे अंगणात एकाच माणसाची ये-जा दिसायची, जणू घरात दुसरं कुणी राहतच नाही.

मास्तरांनी वर्षभर कळ काढली. मग एक दिवस दारात उभे राहून म्हणाले, "अगं, वारा पुसतोच की. एवढा त्रास कशाला घेतेस?"

"वाऱ्याला वेळ लागतो," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही वाचता."

मग अगदी हळू आवाजात, कधी न केलेलं काम करताना आवाज होतो तसा, मास्तरांनी विचारलं, "आज कुठे जाऊन आलीस?"

ती थांबली. त्यांच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं. मग उरलेली चार पावलं झाडली, झाडू भिंतीला टेकवला आणि काही न बोलता आत गेली.